सामुदायिक व्यवसाय इन्क्युबेटर: धंदा सुरू करणारे हमखास विचारतात ते प्रश्न

डोक्यात कल्पना आहे, ओळखीपाळखीत थोडी विक्रीही सुरू झाली आहे, आणि कुणीतरी सांगतं की अमुक ठिकाणी स्वस्तात जागा मिळते, चौकशी करून बघ. इन्क्युबेटरच्या दारात बहुतेक जण असेच येतात. माझ्या मते स्वस्त जागा हा तिथला सर्वात किरकोळ फायदा. पण प्रश्नांची सुरुवात तिथूनच होते, म्हणून आपणही तिथूनच करू.

इन्क्युबेटरमध्ये नक्की मिळतं काय?

एका इमारतीत लहान गाळे किंवा खोल्या, सगळ्यांनी मिळून वापरायच्या सोयी, धंद्यात केस पिकलेल्या माणसांचा नियमित सल्ला, आणि बँक, पुरवठादार, मोठे खरेदीदार, वकील, हिशेबनीस यांच्यापर्यंत पोचवणारी ओळख. हे सगळं कायमचं नसतं. धंदा स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत, साधारण दोन-तीन वर्षं.

सामुदायिक इन्क्युबेटर एखाद्या भागातली संस्था चालवते. ती नगरपालिका असेल, महाविद्यालय असेल, सहकारी किंवा धर्मादाय संस्था असेल. त्या भागात धंदे उभे राहावेत, चार माणसांना काम मिळावं, हा तिचा हेतू. तुमच्या नफ्यातून तिला श्रीमंत व्हायचं नसतं, आणि हा फरक पुढे पैशाच्या प्रश्नात फार उपयोगी पडतो.

ही पद्धत आली कुठून?

बंद पडलेल्या कारखान्यातून. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हिया गावात मॅसी-हॅरिस या शेती यंत्रं बनवणाऱ्या कंपनीनं आपला कारखाना बंद केला आणि गावात बेकारी वाढली. सुमारे साडेआठ लाख चौरस फुटांची ती इमारत तिथल्या मॅन्क्युसो कुटुंबानं घेतली. एवढी जागा एकट्यानं भाड्यानं घेणारी कंपनी मिळेना. तेव्हा जोसेफ मॅन्क्युसो यांनी १९५९ साली इमारतीचे तुकडे करून ते लहान धंद्यांना द्यायला सुरुवात केली. नुसती जागा देऊन ते थांबले नाहीत. कार्यालयीन सोयी सामाईक ठेवल्या, भांडवल उभं करायला मदत केली, सल्ला दिला.

पुढची वीस वर्षं ही कल्पना फार पसरली नाही. १९८० च्या सुमारास अख्ख्या अमेरिकेत अशी केंद्रं डझनभरच होती. १९८५ साली ती चालवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना झाली, १९८७ साली चीनमध्ये वुहान इथे पहिलं केंद्र निघालं, आणि मग हा प्रकार जगभर पोचला.

को-वर्किंग, ॲक्सिलरेटर आणि हे, सगळं एकच ना?

नाही. को-वर्किंगमध्ये तुम्ही टेबल भाड्यानं घेता. धंदा बुडतोय की तरतोय याच्याशी जागामालकाला देणंघेणं नसतं. ॲक्सिलरेटरमध्ये निवडक कंपन्यांची तुकडी काही महिन्यांत वेगानं वाढवून गुंतवणूकदारांसमोर उभी करतात आणि बदल्यात कंपनीत हिस्सा घेतात. २००५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या वाय कॉम्बिनेटर या ॲक्सिलरेटरनं हा तीन महिन्यांचा साचा रूढ केला. ज्या धंद्याला दहापट-शंभरपट वाढायचंच नाही, त्याला तो साचा जाचतो. शिवणकाम, दुरुस्ती, छपाई, लेखापाल सेवा, लहान उत्पादन, घरपोच सेवा, अशा धंद्यांना वेग कमी आणि वेळ जास्त लागतो. इन्क्युबेटर त्यांच्यासाठी आहे.

माझ्या धंद्यात नवीन तंत्रज्ञान वगैरे काही नाही. तरी घेतील?

काही केंद्रं फक्त तंत्रज्ञानाचे धंदे घेतात, काही फक्त खाद्यपदार्थांचे, काही फक्त कारागिरीचे. सामुदायिक केंद्रं सहसा मिश्र असतात आणि साध्या धंद्यांना तिथे हमखास जागा असते. निवड करणारे नावीन्यापेक्षा तीन गोष्टी बघतात. या वस्तूला किंवा सेवेला पैसे मोजणारं गिऱ्हाईक खरंच आहे का? हा माणूस रोज उठून हे काम करणार आहे का? आणि याला काही सांगितलं तर हा ऐकून घेईल का?

तिसरी गोष्ट अनेकांना गंमतीची वाटते, पण बऱ्याचदा घोडं तिथेच अडतं. मुलाखतीत प्रत्येक शंकेवर ‘ते आम्ही बघून घेऊ’ म्हणणारा उमेदवार कितीही हुशार असला तरी समिती त्याला जागा द्यायला कचरते. ज्याला सल्ला नकोच, त्याला बाजारात कुठेही गाळा मिळतो.

बिझनेस प्लॅन लिहिलेला हवाच का?

चाळीस पानांचा नको. विकत आणलेला तर नकोच नको. दुसऱ्याकडून लिहून घेतलेला आराखडा दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

काय विकणार, कुणाला, काय भावानं, ती वस्तू बनवायला किती खर्च येतो, आजवर कुणी घेतली आणि पुढचे बारा महिने दर महिन्याला पैसा किती येईल, किती जाईल. हे दोन पानांत मावतं. शेवटचा तक्ता चुकीचा निघणारच. त्यातले आकडे कुठून आले हे तुम्हाला सांगता यायला हवं, एवढीच अपेक्षा असते. ‘बाजारपेठ प्रचंड आहे, आम्ही फक्त एक टक्का धरला’ हे वाक्य मात्र लिहू नका. तो एक टक्का कोण, त्यातल्या दहा जणांशी तुम्ही बोललात का, हा प्रश्न लगेच येतो.

भाडं किती कमी असतं? कराराचं काय?

प्रत्येक केंद्राचं वेगळं. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला बाजारभावापेक्षा कमी आणि मग टप्प्याटप्प्यानं वाढत जाऊन शेवटच्या वर्षी बाजाराच्या जवळपास, अशी रचना असते. ही चढण मुद्दाम ठेवलेली असते. स्वस्त भाड्यावर नफा दाखवणारा धंदा बाहेर पडताच तोट्यात जाणार असेल, तर ते आत असतानाच कळलेलं बरं.

खरी सवलत भाड्यापेक्षा करारात असते. बाहेरचा मालक तीन-पाच वर्षांचा करार, मोठी अनामत आणि बऱ्याचदा वैयक्तिक जामीन मागतो. इथे महिन्याभराच्या सूचनेवर जागा सोडता येते, वाढवता येते, कमी करता येते. नव्या धंद्याला सहा महिन्यांनी किती जागा लागेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, त्यामुळे ही मुभा मोलाची ठरते. करारात वीज, इंटरनेट, सभागृह, साठवणीची जागा यांपैकी भाड्यात काय धरलंय आणि वेगळं काय मोजावं लागेल, ते नीट वाचा. आणि जागा तुमच्या नावावर असली तरी ती पोटभाड्यानं देता येत नाही.

सामाईक सोयी म्हणजे प्रिंटर आणि चहाचं यंत्र?

तेही असतं. पण धंद्याच्या जातीनुसार मोठ्या गोष्टी असतात: तपासणीत पास होणारं व्यावसायिक स्वयंपाकघर, शीतगृह, लाकूडकामाची किंवा शिलाईची यंत्रं, माल उतरवायचा धक्का, चाचणीची उपकरणं. ज्या यंत्राची तुम्हाला आठवड्यातून चारच तास गरज आहे, ते कर्ज काढून विकत घेणं म्हणजे पहिल्याच वर्षी पायात बेडी घालून घेणं. सामाईक यंत्रावर काम करून आधी गिऱ्हाईक पक्कं करा. यंत्र आपलं कधी घ्यायचं, ते वेळापत्रकच सांगतं. सामाईक यंत्राची पाळी मिळत नाही म्हणून ऑर्डर नाकाराव्या लागू लागल्या, की वेळ आली.

मार्गदर्शक नेमका काय करतो?

तो तुमचा धंदा चालवत नाही, हे आधी स्पष्ट असू द्या. तो निर्णय घेत नाही, तुमच्यासाठी विक्री करत नाही, तुमची कागदपत्रं भरत नाही. तो प्रश्न विचारतो, आणि गेल्या वेळी विचारलेला प्रश्न विसरत नाही.

चांगल्या केंद्रात एका धंद्याला एक मुख्य मार्गदर्शक आणि गरजेप्रमाणे बोलावता येणारे जाणकार असतात: कर, करार, बौद्धिक संपदा, विक्री, कामगार कायदा. मुख्य मार्गदर्शकाला तुमचा धंदा तंतोतंत माहीत असण्याची गरज नाही. उलट त्याच धंद्यातला माणूस कधी कधी ‘आमच्यात असं चालत नाही’ म्हणून दारं बंद करतो. दोन मार्गदर्शकांनी उलट सल्ले दिले तर गोंधळू नका. दोघांनाही ‘हे कशावरून म्हणता?’ विचारा आणि मग आपलं आपण ठरवा.

एक सावधगिरी. मार्गदर्शक स्वतःच हिशेबनीस, वकील किंवा जाहिरातवाला असेल आणि तिसऱ्या भेटीत स्वतःची सशुल्क सेवा गळ्यात मारू लागला, तर केंद्राच्या व्यवस्थापकाला सांगा. नीट चालणाऱ्या ठिकाणी याविषयी लेखी नियम असतो.

दर महिन्याला हिशेब दाखवायचा म्हणे. ही कशाला कटकट?

या एका कटकटीसाठी इन्क्युबेटरमध्ये जावं, असं मी म्हणेन. एकट्यानं धंदा करणारा माणूस विक्रीचा आकडा रोज बघतो. बाकीचे आकडे बघायचं टाळतो. महिन्यातून एकदा कुणीतरी समोर बसून ते काढायला लावतं, तेव्हा पाणी कुठे मुरतंय ते दिसतं. तीन गोष्टी जवळपास प्रत्येकाच्या वहीत सापडतात.

पहिली, स्वतःची मजुरी भावात धरलेली नसते. कच्चा माल, वीज, वाहतूक लिहिलेली असते, पण दिवसाचे दहा तास राबणारा मालक फुकट. असा धंदा पहिला नोकर ठेवताक्षणी तोट्यात जातो, कारण नोकर फुकट राबत नाही.

दुसरी, सवलत. समजा १०० ला विकलेल्या मालावर ७० खर्च येतो, ३० हाती राहतात. गिऱ्हाईक आणायला तुम्ही १० टक्के सूट दिली. आता ९० मिळतात, खर्च तेवढाच, हाती राहतात २०. आधीइतकेच पैसे कमवायला तुम्हाला दीडपट माल विकावा लागेल. सूट जाहीर करण्याआधी हे गणित केलेला नवा व्यावसायिक विरळा.

तिसरी, आणि सर्वात घातकी, वाढती विक्री आणि रिकामा गल्ला. हेच उदाहरण पुढे नेऊ. तुमचा माल दुकानदार ६० दिवसांच्या उधारीवर घेतो. तुम्हाला मात्र खर्चाचे पैसे १५ दिवसांत द्यावे लागतात. मधले ४५ दिवस, म्हणजे दीड महिन्याचा खर्च, तुम्हाला पदरचा घालावा लागतो. महिन्याला (सूट न देता) १०० ची विक्री आणि ७० खर्च असेल तर दीड महिन्याचे १०५ अडकलेले. विक्री दुप्पट झाली की अडकतात २१०. हे जादाचे १०५ आणायचे कुठून? जुन्या विक्रीवरचा साडेतीन महिन्यांचा नफा त्यात जातो. लोक पेढे वाटत असतात आणि मालक पगाराला उधार मागत फिरतो. कागदावर नफ्यात असलेला धंदा असा रोखीअभावी बंद पडतो.

मार्गदर्शक यावर जादू करत नाही. थोडी आगाऊ रक्कम घे, पुरवठादाराकडून मुदत वाढवून घे, लवकर पैसे देणाऱ्याला थोडी सूट परवडते का बघ, हा मोठा ग्राहक सध्या नको म्हण, असे पर्याय पुढे ठेवतो. शेवटचा पर्याय ऐकायला कुणालाच आवडत नाही.

इन्क्युबेटर पैसे देतो का?

सहसा नाही. काही केंद्रांकडे लहान कर्जाचा फिरता निधी असतो, ज्यात एकानं फेडलेल्या पैशातून दुसऱ्याला देतात. काही ठिकाणी नमुना बनवायला किंवा यंत्रासाठी छोटं अनुदान असतं. बाकी मदत म्हणजे तुम्हाला कर्ज मिळण्याजोगं करणं. बँकेला काय लागतं? नोंदी, विवरणपत्रं, परतफेडीचा आराखडा, तारण किंवा जामीन. वर्षभर नेटके हिशेब ठेवलेला अर्जदार बँकेपुढे वेगळ्या वजनानं बसतो. केंद्राचं शिफारसपत्र फाईल वर आणू शकतं, मंजुरी आणू शकत नाही.

अनुदानाच्या मागे लागून धंद्याची दिशा बदलू नका. योजना निघाली म्हणून नवं उत्पादन काढणारे लोक योजना संपली की उघडे पडतात.

माझ्या धंद्यात हिस्सा मागतील का?

सामुदायिक केंद्रं बहुधा मागत नाहीत, भाडं आणि शुल्कावर भागवतात. खासगी केंद्रं मागू शकतात. मागितला तर किती टक्के, कशाच्या बदल्यात, पुढे तुम्ही तो विकत घेऊ शकता का आणि निर्णयात त्यांना मत असेल का, ही चार उत्तरं लेखी घ्या आणि त्यांच्या वकिलाऐवजी तुमच्या वकिलाला दाखवा.

माझी कल्पना कुणी चोरली तर?

कल्पना क्वचितच चोरली जाते, कारण ती राबवण्याचे कष्ट कुणालाच नको असतात. तरी काही गोष्टी खरोखर जपायच्या असतात: पेटंट होण्याजोगी रचना, खास कृती, ग्राहकांची यादी, दर. पेटंटचा विचार असेल तर अर्ज करण्याआधी ती जाहीर करू नका. अनेक देशांत आधीच जाहीर झालेल्या शोधाला पेटंट मिळत नाही. मार्गदर्शक आणि कर्मचारी यांनी गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते का, ते विचारा. सामाईक प्रिंटरवर ग्राहकांची यादी विसरून जाऊ नका. गळती बहुतेक वेळा अशीच होते.

शेजारच्या खोलीत माझ्यासारखाच धंदा असेल तर?

बरीच केंद्रं थेट स्पर्धक एका वेळी घेत नाहीत. घेतलाच, तर त्याचा फायदाही होतो. दोघांनी मिळून कच्चा माल घेतला तर घाऊक भाव मिळतो आणि एकाला न झेपणारी ऑर्डर दोघं उचलतात. शेजाऱ्यांचा उपयोग एरवीही कमी लेखू नका. कोणता वाहतूकदार वेळेवर येतो, कोणत्या ग्राहकाचे पैसे सुटत नाहीत, हे जेवणाच्या सुट्टीत कळतं, प्रशिक्षणवर्गात नाही.

नोकरी सोडूनच यावं लागतं का?

नाही. बरेच जण संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी सुरुवात करतात, आणि जागा नको असलेल्यांसाठी फक्त सल्ला-प्रशिक्षणाचं सदस्यत्व असतं. घरून चालणाऱ्या धंद्याला तेवढं पुरतं. ज्यांच्यावर घरातल्यांची काळजी घ्यायची जबाबदारी आहे त्यांनी बैठकांच्या वेळा आधीच विचाराव्यात. दुपारी तीनला ठेवलेला प्रशिक्षणवर्ग कागदावर सगळ्यांसाठी खुला असतो, प्रत्यक्षात नाही. नोकरीच्या करारात दुसरा धंदा करायला मनाई आहे का, हेही तपासा.

किती दिवस राहता येतं? बाहेर काढतात का?

मुदत असते, बहुधा दोन ते तीन वर्षं, क्वचित जास्त. काही ठिकाणी मुदतीऐवजी टप्पे असतात: सलग काही महिने खर्च निघाला, ठरावीक माणसं कामावर आली, जागा अपुरी पडू लागली, की निघायचं. मुदत संपण्याआधी सहा महिने तरी बाहेरच्या जागेचा शोध सुरू करा आणि त्या भाड्यानं हिशेब पुन्हा मांडा.

धंदा चाललाच नाही तर?

लवकर आणि कमी पैशात बंद पडला तर तेही केंद्राचं काम झालंच म्हणायचं. ‘आता थांब’ असं घरचे बोलू शकत नाहीत, मित्र बोलत नाहीत. मार्गदर्शकानं बोलावं अशी अपेक्षा असते. थांबायचं ठरलं तर आपण कुणाचं किती देणं लागतो याची यादी, कामगारांचे पैसे, करविवरणपत्रं, नोंदणी रद्द करणं, यंत्रं विकणं हे क्रमानं करायला मदत मागा. नुसतं टाळं लावून निघून गेलेल्यांच्या मागे दंडाच्या नोटिसा वर्षानुवर्षं येत राहतात.

इन्क्युबेटरमधले धंदे खरंच जास्त टिकतात का?

टिकतात असं केंद्रं सांगतात, आणि आकडे बहुधा खोटे नसतात. पण गोम अशी की केंद्र मुळातच निवडून धंदे घेतं. चाळणीतून आलेले, शिकायला तयार असलेले लोक बाहेर राहूनही कदाचित टिकलेच असते. श्रेय चाळणीचं किती आणि मदतीचं किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. त्यामुळे ‘आमचे इतके टक्के धंदे टिकले’ या पाटीवर भुलू नका. कधीपासून मोजलं आणि मध्येच सोडून गेलेले त्यात धरले का, हे विचारा.

केंद्राचा स्वतःचा खर्च कसा भागतो?

भाडं, शुल्क, सरकारी किंवा संस्थांचं अनुदान, देणग्या, सभागृहाचं भाडं. काही ठिकाणी एक-दोन स्थिरस्थावर कंपन्यांना पूर्ण भाड्यानं जागा दिलेली असते, तिच्यावर इमारत तगते. हे तुम्ही का विचारायचं? कारण भाड्यावरच जगणारं केंद्र रिकाम्या खोल्या भरायला कुणालाही आत घेतं आणि मुदत संपलेल्यांना जाऊ देत नाही. आणि एकाच अनुदानावर जगणारं केंद्र तुमच्या दुसऱ्या वर्षी बंद पडू शकतं.

अर्ज करण्याआधी काय बघून यावं?

कामाच्या दिवशी, न कळवता जा. खोल्यांत माणसं काम करताहेत की नुसत्या नावाच्या पाट्या आहेत? व्यवस्थापक जागेवर असतो का, की आठवड्यातून एकदा उगवतो? गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन-तीन जणांशी बोलायचंय असं सांगा आणि त्यांना एवढंच विचारा की तुमच्या मार्गदर्शकाची आणि तुमची भेट महिन्यातून खरोखर किती वेळा व्हायची. बंद पडलेल्या एखाद्या धंदेवाल्याशीही बोलायला मिळतं का बघा. नावं द्यायला केंद्र तयार नसेल तर घाईनं अर्ज भरू नका. दिली, तर जाताना आपला बारा महिन्यांचा तक्ता बरोबर घ्या आणि त्यांना तो वाचायला द्या. कुठला खर्च तुम्ही धरायचा विसरलात, ते त्यांना पटकन दिसेल.